चंद्रा, भागा आणि अण्णांची वही

आमचं घर पंढरपूरचं. अण्णा पाटबंधारे खात्यात होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी भीमेच्या काठानं काढली. पाणीपातळी बघायची, प्रवाहाचा वेग घ्यायचा, रजिस्टरात लिहायचं. रजिस्टरात नदीच्या नावाचा एक रकाना असे आणि त्यात कायम 'भीमा' लिहिलेलं असे. घरात मात्र आजी होती तोवर भीमा हे नाव कुणी घेतलं नाही. आजी रोज चंद्रभागेला जायची, चंद्रभागेचं पाणी आणायची. अण्णा पूर आल्याची बातमी सांगताना चुकून भीमा म्हणाले तर म्हणायची, "ती तुझ्या हापिसात."

एकदा आमचे शेजारी लेहला जाऊन आले आणि वाटेत चंद्रभागा लागली म्हणाले. आजीला ते अजिबात पटलं नाही. "तिकडं कुठली आली? ती तर आपल्या दारात आहे." अण्णांनी नकाशा काढून दाखवला. हिमाचलमधल्या लाहौलमध्ये, बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी दोन नद्या निघतात, चंद्रा आणि भागा. एकाच डोंगररांगेला दोन्हीकडून वळसा घालून त्या तांदी नावाच्या गावापाशी भेटतात. तिथून पुढे ती चंद्रभागा, खाली जम्मू-काश्मीरकडे चिनाब, आणि शेवटी सिंधूला मिळणाऱ्या पाण्यातला एक मोठा वाटा. आजीनं नकाशा नीट बघितला आणि म्हणाली, "असू दे. बहीण असंल."

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णा अडुसष्ट वर्षांचे आहेत. गौरी-गणपती आटोपले आणि ते म्हणाले, "या पितृपक्षात आईच्या तिथीला तांदीच्या संगमावर पाणी द्यावं म्हणतो." आजीची तिथी त्रयोदशी. मी हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवून बेत आखला. तो दिवस किती उपयोगी पडला ते पुढे येईलच.

दिवस पहिला: मनाली ते सिस्सू

मनालीत बारीक पाऊस होता, देवदारांवर ढग उतरलेले, सगळं हिरवंगार आणि ओलं. गाडी अटल बोगद्यात शिरली. बोगदा ९.०२ किमीचा आहे, २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड (३,९७८ मीटर) बर्फानं बंद झाली की लाहौल जवळपास सहा महिने जगापासून तुटायचं. आमचा चालक केलाँगजवळच्या गावचा. त्याच्या लहानपणी हिवाळ्यात कुणी आजारी पडलं तर हेलिकॉप्टरची वाट बघायची किंवा देवाची, असं तो म्हणाला.

दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर आलो तर पाऊस नाही, ढग नाहीत, झाडंही जवळजवळ नाहीत. उघडे तपकिरी डोंगर, कडक ऊन, निळंभोर आकाश. अण्णा काचेला नाक लावून बघत होते. म्हणाले, "महाबळेश्वरहून निघावं आणि डोळे मिटून उघडले की माणदेश, तसं झालं." कारणही तेच आहे. पावसाळी वारे पीर पंजाल रांगेच्या अलीकडेच रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया पडते.

बोगद्याच्या तोंडाशीच खाली चंद्रा दिसली. नाव ऐकून मी मनात काहीतरी चांदण्यासारखं धरून बसले होते. समोर होती राखाडी, सिमेंट कालवल्यासारखी, दगडांवर आपटत जाणारी नदी. अण्णा म्हणाले की हा गाळ नव्हे, पीठ आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक दळला जातो आणि ते दगडाचं पीठ पाण्याबरोबर येतं. त्यांनी मूठभर पाणी घेतलं, हळूहळू सोडून दिलं आणि तळहात मला दाखवला. रेषांमध्ये करडी पूड चिकटली होती, भस्मासारखी मऊ.

सिस्सूला एका घरात राहिलो. बाईंनी मरचू केले होते, म्हणजे कणकेच्या जाडसर तळलेल्या पुऱ्या, बरोबर खारट लोणी-चहा. तो चहा सूप समजून प्यायला की आवडतो, चहा समजून प्यायला तर अवघड जातं. घरामागे बटाटा आणि फ्लॉवरचं शेत होतं आणि शेताच्या कडेनं खळाळत जाणारा पाट. त्याला इथे कूल म्हणतात. वरच्या बर्फाच्या ओढ्याचं पाणी डोंगराच्या पोटानं वळवून आणलेलं. कुणी कधी पाणी घ्यायचं याच्या पाळ्या गावानं ठरवलेल्या. हे ऐकल्यावर अण्णा उठलेच. पांझरा-मोसमकाठची फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, त्यांनी धुळ्याच्या नेमणुकीत बघितलेली. बाई मोडक्या हिंदीत आणि अण्णा सोलापुरी हिंदीत, दोघं अंधार पडेपर्यंत पाटाच्या बांधावर पाणीपाळीवर बोलत उभे होते.

(सिस्सूला शक्यतो शनिवार-रविवारी थांबू नका. बोगद्यामुळे मनालीहून दिवसाची सहल करणारे सगळे इथेच येतात. बोगद्यातून जायला पर्यटकांना परवाना लागत नाही. रोहतांगवरून गाडी न्यायची असेल तर लागतो.)

दिवस दुसरा: सिस्सू ते केलाँग

आज मुद्दाम थोडंच अंतर ठेवलं होतं. उंचीची सवय व्हायला हवी, तिथे घाई करून चालत नाही.

वाटेत गोंधला गावचा किल्ला लागला. आपल्याकडचे किल्ले डोक्यात ठेवून बघू नका. लाकडाच्या तुळया आणि दगड यांचे थर आलटून पालटून रचलेली उंच मनोऱ्यासारखी इमारत आहे ती, इथल्या ठाकुरांची. मग तांदी आलं. चालकानं गाडी हळू केली आणि बोट दाखवलं, "संगम." अण्णांनी बघितलं, हात जोडले, पण उतरले नाहीत. "आधी दोघींना त्यांच्या घरी भेटून येऊ. इथं शेवटी."

तांदीचा पेट्रोल पंप लेहकडे जाणाऱ्यांच्या तोंडी असतो. पुढे ३६५ किलोमीटर पंप नाही अशी तिथली पाटी प्रसिद्ध आहे. पुढे जाणार असाल तर टाकी इथेच भरा.

इथून रस्ता चंद्रेला सोडून भागेला धरतो. चालक म्हणाला, "अब ये भागा है जी. लड़का." आम्ही दोघंही चमकलो. आपल्याकडे नदी म्हणजे बाई, भागा म्हणजे तर बाईचंच नाव. त्यानं सांगितलेली गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. चंद्रा ही चंद्राची मुलगी, भागा हा सूर्याचा मुलगा. दोघांचं एकमेकांवर मन बसलं. लग्नासाठी त्यांनी बारालाचा गाठली आणि तिथून दोघं दोन दिशांना धावत सुटले. डोंगराला फेरा घालून जिथे भेटू तिथे लग्न. चंद्रा चपळ, ती आधी तांदीला पोचली. भागा दिसेना म्हणून त्याला शोधायला केलाँगपर्यंत वर आली, तर तो अरुंद घळीतून दगडांशी झुंजत येत होता.

अण्णांनी लगेच हिशोब घातला. चंद्रा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास फिरून येते, भागा पाऊणशेच्या. "म्हणजे लांबून येऊन ती आधी पोचली!" चालक म्हणाला, "लड़कियाँ टाइम पे आती हैं, बाबूजी." अण्णा त्यावर बराच वेळ हसत होते.

केलाँगला दुपारी पोचलो. समोर, भागेच्या पलीकडच्या उतारावर करदंग गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ आहे. संध्याकाळी गेलो तेव्हा एक वयस्क भिक्षुणी अंगणात जर्दाळूच्या बिया फोडत बसल्या होत्या. त्यांनी मूठभर गर आमच्या हातावर ठेवला, मी नदीचं नाव विचारलं. त्यांनी खाली बोट दाखवून 'भागा' म्हटलं खरं, पण वरच्या तोद खोऱ्यातली माणसं नुसतं 'छू' म्हणतात, असंही सांगितलं. छू म्हणजे पाणी. ज्यांच्या दारात एकच नदी असते त्यांना तिला नाव ठेवायची गरज पडत नसावी.

दिवस तिसरा: सूरजताल आणि बारालाचा

पहाटे साडेपाचला निघालो. जिस्पा, मग दारचा. दारचापर्यंत शेतं दिसतात, वाटाणा निघून गेला होता, बटाटा निघत होता. त्यानंतर वस्ती संपते. पत्सेओ, झिंगझिंगबार ही नकाशावरची नावं म्हणजे रस्त्याच्या छावण्या आणि चार तंबू. भागा बारीक होत जाते. प्रत्येक वळणावर एखादा ओढा गळतो आणि नदी तेवढी कमी होते. शेवटी तर उडी मारून ओलांडता येईल एवढीच उरते, आणि तिथेच सूरजताल येतं.

बारालाचाच्या जरा खाली, ४,८८० मीटरच्या आसपास. कळसूबाई एकावर एक तीन ठेवल्या तर जवळजवळ एवढी उंची होईल. तळ्यात वरच्या हिमनद्यांचं आणि बर्फाचं पाणी उतरतं, एका टोकानं बाहेर पडतं आणि तीच भागा. मी तोंडाजवळ उभं राहून बघितलं. तळ्याचं पाणी इतकं स्थिर की त्यात डोंगर उलटा उभा होता. एक पाऊल इकडे, दोन दगडांच्या मधून तेच पाणी सुटून चालायला लागलेलं. आवाजसुद्धा त्याच एका पावलात सुरू होत होता.

खिंडीवर दहाच मिनिटं थांबलो. या खिंडीतून तीन पाणी तीन दिशांना जातात. भागा एकीकडे, चंद्रा दुसरीकडे, आणि उत्तरेला युनाम नदी, जी लडाखकडे जाते. 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'बारालाचा ला' किंवा 'बारालाचा खिंड' म्हणताना खिंड दोनदा येते. वारा एवढा की बोलणं ऐकू येत नव्हतं. माझं डोकं ठणकायला लागलं होतं, अण्णा ठणठणीत. चालकानं माझा चेहरा बघितला आणि न विचारता गाडी वळवली. जिस्पाला उतरेपर्यंत दुखणं निम्म्यावर आलं.

(डोकं दुखायला लागलं, मळमळलं, की गोळी घेऊन वाट बघू नका, खाली उतरा. मुक्काम खाली आणि भटकणं वर, हे इथे पाळावंच. गोळ्यांचं आपापल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारून घ्या. आणि सूरजतालला थेट मनालीहून एका दिवसात जाऊ नका, बोगद्यामुळे ते शक्य झालंय म्हणून तर मुळीच नाही.)

जिस्पाला भागा पसरट आणि शांत आहे, काठाला विलो. संध्याकाळी अण्णांनी पिशवीतून वही काढली. मला तोवर कल्पना नव्हती की ते मोजमाप करताहेत. पहिल्या दिवशी सिस्सूला, काल केलाँगला, प्रत्येक ठिकाणी त्यांनी नोंद घेतली होती. पद्धत जुनीच: काठावर तीस पावलं मोजायची, वरच्या टोकाला काटकी सोडायची, खालच्या टोकाला पोचेपर्यंतचे सेकंद घ्यायचे. पृष्ठभागावरचं पाणी जास्त पळतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुणायचं. त्या दिवशी काटकी मी सोडली आणि ते खाली घड्याळ घेऊन उभे राहिले. तीन वेळा. वहीत रकाने पट्टीनं आखलेले: तारीख, वेळ, ठिकाण, नदी, सेकंद, वेग. पहिल्या ओळीत नदी 'भागा', खालच्या दोन ओळींत 'कित्ता'. सरकारी रजिस्टरातलं हेच अक्षर मी लहानपणापासून बघत आलेय, पानभर कित्ता, कित्ता.

दिवस चौथा: नाला

आज चंद्रतालला पोचायचं होतं. जिस्पाहून परत तांदी, सिस्सू, कोकसर, मग ग्रामफूला स्पितीचा रस्ता धरून चंद्रेच्या काठाकाठानं वर. चूक माझी झाली. जिस्पात न्याहारीला वेळ लावला, केलाँगला सामान घेत बसले. छत्रूच्या पुढे दुपारचे साडेतीन वाजले आणि रस्त्यावरून आडवा वाहणारा नाला समोर आला.

पूल नाही, रस्ताच पाण्याखालून जातो. पलीकडे एक टेम्पो, अलीकडे चार मोटारसायकली आणि आम्ही. पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि तळाचे दगड घरंगळल्याचा गडगड आवाज येत होता. अण्णा उतरले. पाण्याच्या अगदी कडेला एक चपटा दगड उभा रोवला आणि त्याकडे बघत बसले. वीस मिनिटांनी दगडाचा पाय बुडाला. "चढतंय अजून. आज नाही."

आभाळ स्वच्छ असताना पाणी चढतंय हे मला विचित्र वाटलं. अण्णांना नाही. ऊन सकाळी वरच्या बर्फावर पडतं, वितळलेलं पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून दुपारनंतर नाला फुगतो. रात्री सगळं थिजतं आणि पहाटे तो सगळ्यात खाली असतो. "आपल्याकडं पूर वर्षातनं एकदा-दोनदा येतो. इथं रोज येतो आणि रोज ओसरतो," असं म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता.

आम्ही मागे फिरून छत्रूच्या ढाब्यावर मुक्काम केला. तंबूत सहा खाटा, वर जड रजया. डाळ-भात, पातळ बटाट्याची भाजी. मोटारसायकलवाली पोरं इंदूरची होती, त्यातल्या एकाची आजी बऱ्हाणपूरची मराठी. त्यानं अण्णांना नमस्कार केला आणि 'जेवण झालं का' एवढं एकच मराठी वाक्य अभिमानानं तीनदा म्हटलं.

जास्तीचा ठेवलेला दिवस असा गेला. त्रयोदशी परवा.

दिवस पाचवा: चंद्रताल

सहाला नाल्यावर. अण्णांचा दगड कोरडा उभा होता आणि पाणी त्याच्यापासून हातभर लांब, वीतभर खाली गेलेलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सहज पार झाली. (हीच टीप सगळ्यात महत्त्वाची: ग्रामफू ते बाताल हा टप्पा सकाळी लवकर पार करा. कोकसर सोडलं की मोबाइलच्या रेंजचा भरवसा धरू नका, घरी आधी कळवून ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या.)

पलीकडच्या काठाला बारा शिग्री हिमनदीची घळ दिसते. शिग्री म्हणजे हिमनदी, बारा म्हणजे मोठी. २८ किमीच्या आसपास लांबी. तिचं तोंड दगडमातीनं इतकं माखलंय की चालकानं दाखवलं नसतं तर आम्ही तिला साधा डोंगर समजलो असतो. चंद्रेच्या पाण्यातलं पीठ कुठून येतं ते तिथे कळलं.

बातालच्या ढाब्यावर राजमा-चावल खाल्लं. या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तिथे थांबतो. बाहेर वारा सुटलेला, आत स्टोव्हचा आवाज. तिथून चंद्रताल १४ किमी, कच्चा अरुंद रस्ता. तळ्याच्या काठाला राहू देत नाहीत, तंबू तीनेक किलोमीटर अलीकडे आहेत. ही जागा २००५ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. शेवटचं अंतर चालायचं.

बरेच जण समजतात की चंद्रा या तळ्यातून निघते. तसं नाही. ती वर बारालाचाच्या बाजूनं हिमनद्यांचं पाणी घेऊन येते आणि तळ्याच्या खालच्या अंगानं जाते. तळ्यातून एक ओहोळ निघून तिला मिळतो. तळ्याचं नाव पडलं ते आकारावरून, चंद्रकोरीसारख्या. पलीकडे जी शिखरं दिसतात त्यांना गिर्यारोहक सीबी-१३, सीबी-१४ म्हणतात. सीबी म्हणजे चंद्रा-भागा. नकाशा करणाऱ्यांना एवढ्या शिखरांना नावं सुचली नाहीत, दोन नद्यांची आद्याक्षरं आणि आकडे देऊन मोकळे झाले.

आकारावरून नाव, हे ऐकून अण्णा गप्प झाले. आमच्या चंद्रभागेचंही तेच आहे. भीमाशंकरहून निघालेली भीमा पंढरपुरापाशी अर्धचंद्रासारखं वळण घेते, म्हणून तेवढ्यापुरती ती चंद्रभागा. वर-खाली ती भीमाच. म्हणजे लाहौलचं नाव दोघांच्या मिळून झालेलं आणि आपलं एका वळणाचं.

रात्री तंबूबाहेर बसलो. द्वादशी, चंद्र नाहीच, पण तारे इतके की नक्षत्रं ओळखू येईनात. मी अण्णांना वाचलेलं सांगत होते. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात ही असिक्नी आहे, म्हणजे काळसर. ग्रीकांनी अकेसिनीस म्हटलं. 'चंद्रभागा' हा उच्चार ग्रीक कानांना 'अलेक्झांडरला खाणारी' असा लागला, अपशकुन नको म्हणून नाव बदललं, अशी एक जुनी गोष्टही आहे. पुराणात कृष्णपुत्र सांबाला कुष्ठ झालं, त्यानं चंद्रभागेच्या काठी सूर्याची उपासना केली. ती जागा मुलतानची सांगतात, आणि ओडिशातले लोक कोणार्कची सांगतात, कारण तिथेही चंद्रभागा आहे, माघ सप्तमीला तिथे यात्रा भरते.

"म्हणजे तिघी," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आई बहीण म्हणाली होती ते बरोबरच होतं की."

पहाटे त्यांनी मला हलवून उठवलं. पूर्वेच्या कड्यावर नखाएवढी बारीक कोर आली होती. आम्ही टॉर्च लावून तळ्यापर्यंत चालत गेलो. पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरली होती, बोट लावलं की तडकत होती. पुढच्या काळ्या पाण्यात कोर पडलेली. अण्णा टोपी काढून उभे होते. एवढ्या थंडीत टोपी घाला म्हणायचं माझ्या तोंडातून निघालं नाही.

दिवस सहावा: तांदी

सातव्या दिवशी आम्ही खाली पत्तन खोऱ्यात जाऊन आलो ते आधी सांगते, शेवट मला संगमावर करायचा आहे. त्रिलोकनाथला पांढऱ्या संगमरवराची मूर्ती आहे, तिला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. एकच गाभारा, एकच दिवा. उदयपूरला मर्कुला देवीचं लाकडी मंदिर आहे. आतलं छत बघायला टॉर्च न्या, मान दुखेपर्यंत बघाल. गावाचं नाव आधी मर्कुल होतं, चंबाच्या उदयसिंह राजावरून उदयपूर झालं. देवीनं जुनं नाव सांभाळलं. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात, तिथून संध्याकाळी मनाली गाठता येते.

तर त्रयोदशी. चंद्रतालहून आठच्या आत निघालो, नाला सुखरूप पार केला आणि तिसऱ्या प्रहरी तांदीला पोचलो. रस्त्यावरून पायऱ्या उतरून संगमापर्यंत जाता येतं. वर द्रिलबुरीचा डोंगर, त्याच्या उतारावर गुरू घंटाळ हा फार जुना गोम्पा. लाहौलचे लोक, हिंदू असोत की बौद्ध, आपल्या माणसांच्या अस्थी इथे सोडतात. द्रौपदीनं देह इथेच ठेवला असंही सांगतात. आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब परत निघालं होतं. त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी अण्णांना हात धरून शेवटच्या ओल्या पायऱ्या उतरवलं.

चंद्रा राखाडी आली होती, भागा हिरवट. काही अंतर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहतात, मधली रेघ हलते, तुटते, पुन्हा जुळते. साधारण रीत अशी की छोट्या नदीनं मोठीला मिळावं आणि आपलं नाव सोडावं. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला समोरासमोर भेटते, पुढे नाव कृष्णेचंच. इथे तसं झालं नाही. लांबून आलेल्या चंद्रेनं भागाला स्वतःत बुडवलं नाही, दोघांनी नाव जोडून घेतलं. आपल्याकडे याला जोड एकच आठवते, पुण्याची मुळा-मुठा. अण्णा म्हणाले, "आणि मुळा-मुठा पुढं कुठं जाते? भीमेत. भीमा येते आपल्या दारात." मला हे भूगोलात पाठ होतं. त्या काठावर ऐकताना मात्र अंगावर काटा आला.

घरून आणलेल्या पुडीतले तीळ अण्णांनी हातावर घेतले. पाणी इतकं गार की ओंजळ धरवत नव्हती. त्यांनी आजीचं नाव घेतलं, मग आजोबांचं, मग ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती अशा कितीतरी जणांची. प्रत्येक नावाला एक ओंजळ. शेवटी बोटं लाल झाली होती. मी माझ्या हातात धरून चोळत बसले.

मग त्यांनी वही मागितली. संगमाच्या खाली, दोन्ही रंग एक झालेत तिथे, काठ जरा सपाट आहे. तीस पावलं मोजली. काटकी मी सोडली. ती एकदा गिरकी घेऊन मधल्या धारेला लागली आणि सुसाट गेली. अण्णांनी सेकंद घेतले, दगडावर बसले, वही मांडीवर धरली. तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं. नदीच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मी मागून वाकून बघत होते. त्यांनी सावकाश, शाळेतल्यासारखं गोल अक्षर काढत लिहिलं: चंद्रभागा.

दुसरी काटकी सोडली. सेकंद घेतले. खालच्या ओळीत तारखेला कित्ता, ठिकाणाला कित्ता. नदीच्या रकान्यात कित्ता लिहिलं नाही. पुन्हा पूर्ण लिहिलं, चंद्रभागा. तिसऱ्या ओळीतही.